खुंटीवरची पळी

उधव्याहून मी आणि बाची बंदूक एकाच सकाळी घराबाहेर पडलो. मी मुंबईला, ती तलासरीच्या पोलीस ठाण्यात. निवडणूक जवळ आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, असा हुकूम. आमची ठासणीची, रानडुकरांपासून भात राखायला मिळालेली. एका खांद्यावर ती, दुसऱ्यावर माझी पत्र्याची पेटी, अशा थाटात बा एसटीत चढला.

"लढाईला चाललास का रे, बाबा?" कंडक्टरनं विचारलं.

"नाय, पोराला पोचवायला," बा म्हणाला.

ठाण्याच्या ओट्यावर जमीनदाराची चकचकीत दुनळी आमच्या बंदुकीशेजारी भिंतीला टेकून उभी होती. दोघींच्या गळ्यात सारखीच पुठ्ठ्याची चिठ्ठी. चळवळीच्या पत्रकांवर वाचायला शिकलेला मुलगा मी. ही बरोबरी पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. दुनळी गेली तरी जमीनदाराकडे लाठीवाली माणसं होती. आमच्याकडे ही एकच. मी बाला बजावलं, "मतं पडली की लगेच परत आण."

बा म्हणाला, "तू पोटभर जेवत जा."

परळच्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवू लागलो. बोटं शाईनं काळी, डोकं तापलेलं. घरी लिहायचो, 'गरिबाच्या हातातलं हत्यार आधी काढून घेतात. बंदूक आणलीस का?' शाळेतले गुरुजी बाला पत्र वाचून दाखवत आणि बाचं उत्तर लिहून पाठवत: 'आई विचारते, सुके बोंबील संपले का?'

मे महिन्यात घरी गेलो. बंदुकीच्या खुंटीवर आईची पाणी काढायची पळी लटकत होती, वाळवलेल्या दुध्या भोपळ्याची, लांब मानेची. मी भाषण सुरू करणार तोच काकी म्हणाली, "आधी ऐक तर."

बांधावरच्या मोहावरून बा आणि त्याचा धाकटा भाऊ, देवजीकाका, भांडले होते. आमच्या बाजूला पडलेली फुलं काकानं वेचली, एवढंच. दोघांच्याही पोटात मोहाचीच दारू. काका अंगणात उभा राहून बाच्या सात पिढ्या काढत होता. बा धावत घरात शिरला, सवयीनं खुंटीला हात घातला आणि जे हाताला लागलं ते खांद्याला लावून बाहेर आला. भोपळ्याची पळी!

"मार ना, दादा!" काका ओरडला. "थांब, आधी पाणी तरी भर तिच्यात!"

काकी हे सांगताना हसत होती. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "खुंटीला बंदूक असती तर?"

छापखान्यात आता यावरून माझा वाद होतो. सोबती म्हणतात, "मारणारा कोयत्यानंही मारतो." खरं आहे, आमच्याकडे कोयता प्रत्येकाच्या कमरेला असतो. तो त्या दिवशी बाच्याही होता. पण कोयत्यासाठी अंगण ओलांडून भावाजवळ जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात भाऊ 'दादा' म्हणतो. बंदुकीला अंगण ओलांडावं लागत नाही.

त्या मे महिन्यापर्यंत ठाण्यातून बंदूक घेऊन जाण्याचा निरोप दोनदा आला होता. बा गेलाच नाही. मला म्हणाला, "तुला छापील अक्षर येतं ना? लिही, परत नको म्हणून."

"आणि डुकरं?"

"डबे वाजवू. देवजी येतो राखणीला."

लिहायला माझ्या जिवावर आलं, हे कबूल करतो. शेवटी मी एक ओळ घातलीच: जमीनदाराची दुनळीही परत देऊ नये. वाचून दाखवलं तेव्हा बा हसला. "ते तुझ्या पत्रकात छाप." ती ओळ मी खोडली नाही. दुनळी मात्र कधीच बंगल्यावर परत गेली होती. तो राग अजून आहे, आणि तो मी छापणारच.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर कशाला म्हणायचं हे मला परळला कळलं नव्हतं. आता घर म्हटलं की ती खुंटी दिसते. देवजीकाका घाम पुसत येतो, न विचारता पळी काढतो, घटाघटा पाणी पितो. मग ती खांद्याला लावून बावर रोखतो, आणि दोघं भाऊ ठसका लागेपर्यंत हसतात.