पदर दातांत होता, मग नाव कोणी घेतलं?

या गं पोरींनो, जवळ सरका. या मासिकात भुतांच्या गोष्टी चवीनं वाचता, आणि म्हातारी सांगायला बसली की उठून पळता! माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे जे झालं... ते काय होतं, तुम्हीच सांगा.

आम्ही कुंभकोणमचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. बाजारात आमचं पितळी समयांचं दुकान. एका सकाळी शिपाई आला नि यांना दुकानातूनच धरून नेलं. देवळातली समई चोरीला गेली होती, तसलीच आमच्याकडे दिसली म्हणे.

"वॉरंट कुठाय?" यांनी विचारलं.

"चोरीच्या मालाचा संशय असला की कागद लागत नाही, रायरे. चला!" आम्हा मराठी माणसांना इथे ‘रायर’ म्हणतात.

दुसरी दुपार झाली तरी सुटका नाही. मी स्टेशनवर गेले. "कोण हवाय?" नाव कसं सांगू? बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं — आमच्यात असंच मानतात. "आमचे हे... समयांच्या दुकानाचे," म्हटलं. शिपाई हसला. "समयांची दुकानं रस्ताभर, अम्मा. आणि इथं जो तो कुणाचा तरी नवराच आहे!"

तशीच घरी परतले. शेजारच्या वकिलाची बायको अलमेलू बाळंतीण होती. खिडकीतूनच ओरडली, "कागदाशिवाय धरू शकतात गं, पण एक दिवस एक रात्र झाली की मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच हवं! त्यांच्या हुकुमाशिवाय जास्त ठेवता येत नाही. जा, कोर्टात सांग!"

"वकीलसाहेब कुठायत?"

"तंजावरला. पण घरी इतक्या मोठ्यानं घोकतात, बाळसुद्धा पाठ म्हणेल!"

गेले. एकटीच. भीतीनं पदराचं टोक दातांत घट्ट धरलेलं. मॅजिस्ट्रेट जेवायला उठतच होते. "कोणाला डांबलंय? नाव सांगा." नावाशिवाय हुकूम कसा लिहिणार? आणि हे लॉकअपात असताना मी नाव घेऊ... काही बरंवाईट झालं तर? लिहून द्यावं तर तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते मी पुढे नातवंडांच्या पाटीवर शिकले.

मॅजिस्ट्रेटनी जायला म्हणून पगडी उचलली. आणि नाव ऐकू आलं. यांचं — बापाच्या नावासकट. पाठोपाठ, आमच्या घरच्या मराठीत, "माझा लेक."

"सांगितलंत एकदाचं, अम्मा," कारकून म्हणाला. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी मागे वळले. दुसरी बाईमाणूस कुठेच नव्हती. पदर दातांतच होता!

हुकूम गेला. संध्याकाळच्या आत यांना कोर्टापुढे आणलं. जवळच्या नाचियारकोविल गावात समया घडतात; तिथल्या कारागिरानं आमची समई ओळखली, आपणच घडवून यांना विकली असं सांगितलं, हे सुटले. घरी येताच विचारलं, "तू माझं नाव घेतलंस म्हणे?"

"देवाशपथ नाही! कोणी बाई बोलली... ‘माझा लेक’ म्हणाली."

यांनी ते दोन शब्द मला पुन्हा म्हणायला लावले. यांची आई हे पाळण्यात असतानाच गेलेली.

कधी वाटतं, घाबरून मीच बोलले असेन. पण ‘माझा लेक’? आणि दातांत पदर धरून? शिवाय हे आता पिकलं पान झालेत, तरी ठणठणीत. मग नाव घेतलं तरी कोणी? मला अजून उलगडा नाही.

वन्सं, तिकडे नागपट्टणला हे कोणी वाचून दाखवत असेल, तर ऐका. तुम्ही यांच्या थोरल्या बहीण. आईचा आवाज आठवणाऱ्या तुम्ही एकट्याच उरलात. गुडघ्यांची सबब नको, लवकर या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तस्सा काढून दाखवते... नाव तेवढं तुम्ही घाला.