साहेबासाठी चुना दिलेला खडक

मुलांनो, तुमचा फोटो मिळाला. मागे लाल खडक, पुढे तंबू आणि सोबत तुमचा प्रश्न, ‘आजी, तू कधी तंबूत राहिलीस का?’ राहिले आहे. त्या मुक्कामातली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून आजच लिहून ठेवते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या बाबांना रावसाहेब व्हायचं होतं. सोनाळ्यात जमीन होती, मान होता, फक्त नावाआधी तो शब्द नव्हता. तो मिळायचा जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाच्या शिफारशीवर. साहेबाला चित्रं काढायचा नाद होता. गावावरच्या डोंगरात वालुकाश्माचा एक भला मोठा खडक आहे. बुंध्याशी बारीक, वर छत्रीसारखा पसरलेला, मधाच्या रंगावर तांबडे पट्टे. तो रंगवायला साहेबानं हिवाळी दौऱ्यात तिथे मुक्काम ठरवला.

आदल्या दिवशी आमच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, तिथे पोचल्या. रावट्या, खुर्च्या, कोंबड्यांची खुराडी, आणि मी. मिशनच्या शाळेत शिकत होते, म्हणून दुभाषी. सोबतीला आई.

साहेब येणार म्हटलं की वाटेवरच्या दगडांना चुना द्यायचा, हा शिरस्ता. गडी चुना देत देत खडकापाशी आले आणि थांबले.

‘मालक, याले बी?’

‘मंग?’ बाबा म्हणाले, ‘लहान गोटे पांढरे अन् मोठा तसाच मळका? शिड्या आणा!’

आई रावटीतून म्हणाली, ‘साहेब खडक पाह्यले येऊन राह्यला. चुना पाह्यले नाही.’

‘तुले काय समजते? साहेबाले टापटीप लागते.’

संध्याकाळपर्यंत खडक बगळ्यासारखा पांढरा झाला. बाबा मागे सरून सरून पाहत होते. इतके खूश मी त्यांना माझ्या पहिल्या नंबरालाही पाहिलं नव्हतं.

सकाळी साहेब घोड्यावरून उतरला. बराच वेळ बघत राहिला. मग मला इंग्रजीत विचारलं, ‘ही कबर कोणाची?’

मी बाबांना सांगितलं. बाबा घाईनं म्हणाले, ‘सांग, तोच खडक आहे. साफ केला.’

तेही मी सांगितलं. साहेब एवढंच म्हणाला, ‘दिसतंय.’ मग त्यानं खुर्ची फिरवली, खडकाकडे पाठ केली आणि आमच्या बंडीचा तांबडा बैल रंगवला. बैल चांगला उतरला होता. दुपारीच तंबू उतरवून तो पुढच्या गावाला गेला. कोंबड्या आम्ही परत आणल्या.

पदव्या जाहीर झाल्या तेव्हा रावसाहेब झाला शेजारच्या तालुक्यातला एक जमीनदार. त्यानं साहेबाला वाघाच्या शिकारीला नेलं होतं.

‘बरं सुचलं त्याले,’ आई म्हणाली, ‘वाघाले चुना नाही देल्ला.’

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुन्हा त्या डोंगराकडे ते कधी गेले नाहीत.

पदवी गेली, पदवी देणारेही गेले. खडक आहे. वरचा चुना पावसानं धुऊन नेला. छत्रीच्या खाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथला अजून आहे.