भिकुबाईंचं वाढीव आयुष्य

१९८६ साली चोपड्याच्या भिकुबाईंचं हृदय मंद पडलं. मुलाने, हिलालने, हट्टाने मुंबईला नेऊन त्यांना पेसमेकर बसवून आणला. नऊ वर्षांनी केळीला पाणी देताना हिलालच हृदयविकाराने गेला. तेव्हापासून कुणी तब्येत विचारली, तरी ऐंशीच्या भिकुबाई ओशाळायच्या.

पुढे बॅटरी संपत आली. जळगावच्या डॉक्टरांनी पेसमेकर बदलायला सांगितलं.

"मना पोऱ्या गया, आनि हाई मशीन चालूच शे," भिकुबाई म्हणाल्या. "आते बंद पडू द्या."

सून कलाबाई शेजारीच होती. "आत्याबाई, मंग घरमा मी कोनसंगे बोलू?"

भिकुबाईंनी पेसमेकर बदलून घेतला. पण परतीच्या एसटीत त्यांना सुनेच्या नजरेला नजर देववेना.