पहिल्या स्टार्टची ठकठक

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली कानसेन म्हणते. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं ओळखायचं, ह्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. घरात मी घसा फोडून हाक मारली तरी ऐकू जात नाही, तो भाग वेगळा.

माझे धाकटे दीर मागच्या वर्षी गेले. छातीत कळ आली आणि बसल्या जागी संपलं सगळं. दोघा भावांचं प्रेम असं, की रोज भांडल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. भाऊजींची एक सवय होती. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, सकाळी लेकीला शाळेत सोडायला निघाली की ते आधी खाली उतरून गाडीच्या बॉनेटवर तीनदा ठकठक करायचे. एकदा ऊब शोधत मांजराचं पिल्लू इंजिनात जाऊन बसलं होतं आणि गाडी सुरू करताना पट्ट्यात सापडलं, तेव्हापासून. "उठा मांजरोबा, बाईसाहेबांना उशीर होतोय," म्हणायचे, आणि पोरगी आत बसून खिदळायची.

ते गेले आणि पोरीनं शाळेचं नावच टाकलं. त्या गाडीत पाय ठेवीना. मग काही महिन्यांनी धाकटी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली की बॉनेटच्या आतून ठक ठक ठक असं वाजतं आणि थांबतं. ते वाजायला लागल्यापासून पोरगी दप्तर घेऊन आईच्या आधी खाली उतरते. बाबा आलेत म्हणते.

"ताई, मला ती चावी फिरवायला नको वाटतं," धाकटी म्हणाली, "आणि ती हसते हो."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण पोळपाटावरचं लाटणं हातातच राहिलं.

ह्यांनी गाडी आपल्या गॅरेजवर मागवली. तिथं तिनं हूं की चूं केलं नाही. परत नेली की सकाळी पुन्हा ठकठक. असं दोन-तीनदा झाल्यावर हे म्हणाले, मनाचे खेळ आहेत. मी भडकलेच. म्हटलं, मनाला नट-बोल्ट असतात का? गाडी चालून गरम होऊन तुमच्या दारात येते, ताप उतरल्यावर डॉक्टर काय तपासणार? जा तिकडे, आणि रात्रभर गार पडलेली गाडी ऐका. खरं तर हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांचे पाय भावाच्या दाराकडे वळत नव्हते, एवढंच.

शेवटी मीच त्यांना घेऊन गेले. पोरगी पुढच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत होती. धाकटीनं चावी फिरवली. ठक, ठक, ठक. अगदी माणसानं पेरांनी वाजवावं तसं. मग ऑइलचा लाल दिवा विझला आणि आवाजही थांबला. पोरगी गोड हसली. ह्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

दुखणं त्यांना तिथंच कळलं होतं. ऑइल फिल्टरात एक रबरी झडप असते, ती रात्री तेल धरून ठेवते. ह्या फिल्टरची झडप कुचकामी होती. सगळं तेल खाली उतरायचं, आणि सकाळी ते वर चढेपर्यंत आतलं लोखंड लोखंडावर आपटायचं. असला हलका माल गिऱ्हाईकानं आणला असता तर ह्यांनी त्याला गॅरेजच्या बाहेर काढलं असतं. पण तो भाऊजींनी आणला होता. स्वस्तात मिळाला म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगसाठी घेऊन डिकीत टाकलेला, खोकंसुद्धा न फोडलेला. भाऊजी गेल्यावर पहिलं सर्व्हिसिंग करताना तो ह्यांच्या हाती लागला. भावाची शेवटची खरेदी. सगळं कळत असून ह्यांनी तोच बसवला.

आता हा फिल्टर काढला नाही तर बेअरिंग झिजून एखाद्या दिवशी भर रस्त्यात इंजिन जाम होणार, मायलेकी आत असताना. काढला तर पोरीचा बाप दुसऱ्यांदा जाणार.

हे कामाला कधी टाळाटाळ करत नाहीत, पण नवा फिल्टर आणून फळीवर ठेवला आणि भलत्याच गाड्या उघडत बसले. मी गॅरेजात जाऊन चांगलं फैलावर घेतलं. पुतणीचं काही बरंवाईट झाल्यावर बदलणार का, विचारलं. ते चिंधीला हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसतच होते.

"तिलाच ऐकू येतो असं वाटतं का तुला?" ते म्हणाले. "मला पण तोच वाजवतोय असं वाटतं गं."

मला रडू फुटलं. पण मी तिथून हलले नाही. संध्याकाळी त्यांनी फिल्टर बदलला, नवं तेल भरलं आणि गाडी धाकटीच्या दारात नेऊन ठेवली.

सकाळी चावी फिरवायच्या आधी ते पोरीच्या खिडकीशी वाकले. आज आवाज येणार नाही, म्हणाले. तो बाबा नव्हता, फिल्टर होता. पण तो बाबानं आणला होता आणि मी बसवला होता. मग पुसून लख्ख केलेला जुना फिल्टर तिच्या हातात दिला. ती रडेल म्हणून मी पदर सावरून पुढे झाले. ती रडली नाही. फिल्टर उलटसुलट करून बघितला आणि विचारलं,

"मोठेकाका, मग आता बॉनेट कोण वाजवणार?"

पोरगी स्वतःच दार उघडून उतरली, पुढे गेली आणि तिनं फिल्टरनं बॉनेटवर वाजवलं. ठक, ठक, ठक.

गाडीखालून एक राखाडी मांजर निघालं आणि कुंपणावरून पळालं. धाकटीचा हात चावीवरच होता. वर्षभरात आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात मांजर आलं नव्हतं.

मग गाडी सुरू झाली, काही न वाजता. ह्यांनी बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाला लावली. शाळेची वेळ झाली, धाकटी खोळंबली, तरी हलेनात. काय ऐकू येतंय, मी विचारलं.

"काहीच नाही," म्हणाले, आणि तसेच ऐकत उभे राहिले.