उसनं बोट

श्यामसुंदर खांबेटे यांच्याइतका स्वच्छ माणूस मी पाहिलेला नाही. स्वच्छ म्हणजे अंघोळीच्या बाबतीत नव्हे. तिथे ते चारचौघांसारखेच होते. स्वच्छ म्हणजे कागदावर. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी अनुपालन अहवाल लिहिले. वरून विचारणा यायची, अमुक काम झालं का, आणि खांबेटे त्याखाली मोत्यासारख्या अक्षरात उत्तर लिहायचे. काम झालेलं असो, व्हायचं असो किंवा कुणाच्याच हातून होण्यासारखं नसो, उत्तर असं असायचं की विचारणाऱ्याला पुन्हा विचारण्याची वासना होऊ नये. "फाइल स्वच्छ पाहिजे," ते म्हणायचे, "बाकीचं मग बघता येतं." निरोपसमारंभात साहेबांनी त्यांच्या अक्षराची तोंड भरून स्तुती केली. कामाचा उल्लेख केला नाही. खांबेट्यांना तो राहिल्याचं जाणवलंही नाही.

निवृत्तीनंतर ते शनिवार पेठेतून बिबवेवाडीला, आमच्या समोरच्या दारात राहायला आले. पेठेतून इकडे आलेली माणसं पहिली दोन वर्षं आपण परगावी मुक्कामाला आहोत अशा चेहऱ्याने वावरतात. खांबेट्यांचा तो चेहरा अजून उतरलेला नाही. त्यांच्या पत्नी सत्यशीला, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या शीलाताई, मात्र सामान उघडायच्या आधीच खिडकीपाशी टेबल लावून कामाला बसल्या. त्या मुद्रितं तपासत. पुस्तक छापायच्या आधी त्याची कच्ची पानं वाचायची आणि लाल पेनाने चुका काढायच्या. अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाकडून पुडकं यायचं, आठवड्यात तपासून परत जायचं. तीस वर्षं हे चाललं होतं. आपण किती पुस्तकं वाचली हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्यांच्यासमोर बोलताना मी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायचो.

खांबेट्यांना शुगर निघाली एकसष्टाव्या वर्षी. निघाली आणि त्यांच्या आयुष्यातला गोडवा आणि खाजगीपणा एकदमच गेला. पुण्यात माणसाला शुगर आहे हे कळलं की त्याचं ताट सार्वजनिक होतं. लग्नात जिलबी वाढणारा त्यांच्यापाशी येऊन थबकायचा आणि शेजारच्या चार माणसांकडे बघायचा, जणू मतदान घ्यायचं आहे. "तुम्हाला चालतं का?" हा प्रश्न त्यांना दिवसातून सहा वेळा ऐकावा लागे. तळमजल्यावरच्या बाईंनी कारल्याचा रस सांगितला, व्यायामशाळेतल्या गृहस्थांनी भिजवलेले मेथीदाणे, आणि कुणीतरी एक लाकडी पेला आणून दिला, त्यात रात्री पाणी ठेवून सकाळी प्यायचं. खांबेट्यांनी सगळं केलं. कारलं प्यायले, मेथी चावली, लाकूडही प्यायले. वर खरवस खाल्ला.

आमच्या डॉक्टर ऋचा सोहोनी. वयाने खांबेट्यांच्या मुलापेक्षा, आमोदपेक्षा, लहान. पण बोलणं हेडमास्तरीणबाईंचं. आमोद वाघोलीला राहतो, आयटीत आहे. त्याने वडिलांना साखर मोजायचं मशीन आणून दिलं, आणि डॉक्टरांनी फर्मान काढलं: सोमवार आणि गुरुवार, उपाशीपोटी, बोट टोचायचं आणि आकडा वहीत लिहायचा. महिन्याने वही दाखवायची, मशीनही आणायचं, कारण मशीन आकडे लक्षात ठेवतं.

वही म्हटल्यावर खांबेटे खुलले. जाड पुठ्ठ्याची वही आणली, रकाने आखले, तारीख निळ्या शाईने, आकडा काळ्या, शेरा लाल. पहिला आकडा आला दोनशे बारा. दुसरा दोनशे चौतीस. वहीची शोभा गेली. डॉक्टरांनी त्यांना झापलं, आंबा बंद केला, साबुदाण्याची खिचडी बंद केली, भात मुठीवर आणला. चौतीस वर्षांत त्यांची फाइल कुणी अशी तोंडावर फेकली नव्हती.

मग एका रविवारी पुतण्याच्या लग्नात त्यांनी जिलबीवर ताव मारला. सोमवारी सकाळी मशीन समोर घेऊन बराच वेळ बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, "अगं, जरा बोट दे."

आला अठ्ठ्याण्णव.

हे मला कळलं ते पुढे दोन महिन्यांनी. सकाळी त्यांच्याकडे पक्कड परत करायला गेलो, तर खिडकीपाशी शीलाताई उजव्या हाताने पानावर लाल खुणा करतायत आणि डावा हात त्यांनी खांबेट्यांच्या स्वाधीन केलेला. खांबेटे बोट कापसाने पुसत होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तपासणी."

"कुणाची?"

"माझी."

शीलाताई मान वर न करता म्हणाल्या, "सप्तपदी झाली आहे आमची. अर्धी साखर माझी."

"अहो, पण आकडा खोटा लिहिणार तुम्ही?"

खांबेटे दुखावले. "मी आयुष्यात खोटा आकडा लिहिलेला नाही. हा मशीनने दिलेला आहे, बघा. शंभर टक्के खरा आहे."

"बोट खोटं आहे ना पण."

"वहीत बोटाचा रकाना नाही," खांबेटे म्हणाले.

मी हसलो. अगदी पोट धरून हसलो, घरी जाऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. पुढची कित्येक वर्षं हा किस्सा मी नावं बदलून दहा ठिकाणी सांगितला आणि प्रत्येक ठिकाणी हशा मिळवला. डॉक्टरांना सांगावं असं मला एकदाही सुचलं नाही.

डॉक्टर खूश होत्या. त्यांनी एक गोळी कमी केली, अर्धा आंबा परत दिला. तीन महिन्यांची सरासरी कळते ती रक्ताची तपासणी त्या दर खेपेला लिहून द्यायच्या, आणि खांबेटे ती चिठ्ठी व्यवस्थित भोक पाडून फाइलला लावायचे. त्यांच्या मते तिथे ते काम संपत होतं. इतकी देखणी वही समोर असताना डॉक्टरांनीही फार ताणलं नाही. ज्येष्ठ नागरिक संघाने खांबेट्यांचं भाषण ठेवलं, ‘साखरेवर ताबा: माझा अनुभव’. चाळीस मिनिटं बोलले. निर्धार, नियमितता, नोंदी. पहिल्या रांगेत शीलाताई बसल्या होत्या. परत येताना मी त्यांना विचारलं, भाषण कसं वाटलं.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "ऐकता ऐकता मला वाटलं, या माणसाला एकदा भेटलं पाहिजे."

भाषणानंतर माघार घेणं अवघड झालं. लोक जिन्यात गाठून सल्ला विचारत. एकदा सहज म्हणून मागितलेलं बोट आता सोमवार-गुरुवारचं झालं, आणि वर्षामागून वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी आकडे चढायला लागले. एकशे अठरा. एकशे एकतीस. मग एकशे एकोणपन्नास. समोरच्या उघड्या दारातून मला ऐकू यायचं.

"काल काय खाल्लंस तू?"

"तुम्ही खाऊन उरलेला शिरा. चमच्याने मोजून दोन घास."

"अगं, माझा रिपोर्ट बिघडतोय."

"मग तुमचं बोट वापरा."

"आता? आता कसं वापरणार?"

यात संतापण्यासारखं काही आहे हे त्या घरात कुणाला वाटलं नाही, आणि मला तर नाहीच. आपल्या नवऱ्याला शुगर आहे, आपल्याला नाही, हे शीलाताईंनी एकदा ठरवलेलं होतं. घरात एकाला आहे म्हणजे तो विभाग त्याच्याकडे. त्यांनी नवऱ्याचा आकडा सांभाळायचा म्हणून रविवारी आणि बुधवारी रात्रीचा भात सोडला. पुढे त्या दोन रात्री ताकावरच राहायला लागल्या. सोमवारी आकडा थोडा खाली यायचा, खांबेटे लाल शाईत ‘सुधारणा’ असा शेरा मारायचे. बाकीचे दिवस शीलाताई नेहमीसारख्या जेवायच्या, कारण बाकीच्या दिवशी तपासणी नव्हती.

तरीही आकडे एकशे नव्वदवर गेले, मग दोनशेवर. डॉक्टरांनी खांबेट्यांची बंद केलेली गोळी सुरू केली, एक नवी वाढवली. मधल्या काळात खांबेट्यांच्या पायांना मुंग्या येत, थकवा असे. या नव्या गोळ्यांनी ते सगळं गेलं. रंग सुधारला. सकाळी ते ताठ मानेने फिरायला जाऊ लागले. बायकोच्या रक्तावर मोजलेलं औषध त्यांना बरोबर लागू पडलं होतं.

शीलाताईंना तहान फार लागायची. "उन्हाळा आहे," त्या म्हणायच्या, आणि जानेवारीतही म्हणायच्या. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला. टेबलावर आणखी प्रखर दिवा आला. मग एकदा प्रकाशकाकडून तपासलेलं पुडकं परत आलं. त्यात सतरा चुका राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शीलाताईंनी ती पानं पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "हल्ली शाई फिकी वापरतात."

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे काजळीचे धागे तरंगायला लागले. दुपारपर्यंत अक्षरांच्या मधोमध राखाडी डाग बसला. आमोद वाघोलीहून निघेपर्यंत थांबायला नको म्हणून मीच दोघांना रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घातले, बराच वेळ आत पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवून विचारलं, "शुगर किती वर्षांपासून आहे?"

"मला नाही," शीलाताई म्हणाल्या. "यांना आहे."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होता, मधल्या भागाला सूज होती. हे एका महिन्याचं काम नाही, ते म्हणाले. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून जुने रिपोर्ट आणा.

संध्याकाळी आम्ही ऋचा सोहोनींच्या दवाखान्यात. त्यांनी शीलाताईंचं बोट टोचलं, दोनशे ब्याऐंशी. त्यांना धक्का बसला. "शीलाकाकू, याआधी कधी तपासलीच नाही?"

 नवऱ्याची लाज झाकायची शीलाताईंना इतकी सवय होती की तेव्हाही त्या पर्समधला रुमाल शोधत राहिल्या.

खांबेट्यांनी कापडी पिशवीतून वही काढली. टेबलावर ठेवली, डॉक्टरांच्या बाजूला वळवली.

"ही हिची आहे," ते म्हणाले.

"काका, ही तुमची वही आहे."

"नाव माझं आहे. रक्त हिचं आहे. पहिली सात पानं सोडून सगळं."

डॉक्टरांनी वही चाळली. सहा वर्षं, आठवड्यातून दोनदा, एक खाडा नाही. कोणत्या महिन्यात साखर सुरू झाली, केव्हा वाढली, सगळं निळ्या-काळ्या शाईत होतं. लाल शेऱ्यांपाशी त्या थांबल्या. ‘सुधारणा.’ ‘काल शिरा, समज दिली.’ मी आयुष्यभर वाट्टेल त्या प्रसंगी विनोद केलेले आहेत, पण त्या खोलीत मी रिकामी कापडी पिशवी उचलून तिची घडी घालत बसलो.

"इतका नीट ठेवलेला रेकॉर्ड माझ्याकडे दुसऱ्या कुठल्याही पेशंटचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मी या आकड्यांवर औषध दिलं तुम्हाला." मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढून ठेवला. "ती रक्ताची तपासणी मी हट्टाने करून घ्यायला हवी होती."

खांबेट्यांची खरी तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. बरीच बरी निघाली. हे ऐकून त्यांचा चेहरा जो पडला तसा वाईट रिपोर्ट आलेल्या माणसाचाही मी पाहिलेला नाही.

शीलाताईंच्या डोळ्यांत इंजेक्शनं झाली, लेसर झालं. उजव्या डोळ्याने ठळक मथळे दिसतात. डाव्याने समोरचा माणूस दिसतो, पण मधोमध चेहरा नसलेला. खांबेटे आता बायकोच्या गोळ्या, बायकोचं पथ्य, बायकोची बोटं सांभाळतात. पहिल्या टोचणीला थेंबच येत नाही. "नीट टोचा," त्या म्हणतात, "इतकी वर्षं सराव केलात."

एक प्रयत्न त्यांनी करून पाहिला. खांबेट्यांनी पानं मोठ्याने वाचायची आणि शीलाताईंनी ऐकून चुका सांगायच्या. रोज सकाळी मला त्यांचा खणखणीत आवाज ऐकू यायचा, स्वल्पविरामसुद्धा वाचायचे. पण तीन आठवड्यांनी पुडकं परत आलं, चुका तशाच. खांबेटे पानावरची चूक पाहायचे आणि वाचताना आपोआप बरोबर करून वाचायचे. त्यांना ते कळायचंच नाही.

"छापलंय ते वाचा हो," शीलाताई सांगायच्या. "असायला हवं ते नको."

"तेच वाचतोय."

चौथ्या पुडक्याला शीलाताईंनी दोरी बांधून ठेवली आणि म्हणाल्या, "हे नेऊन द्या. यापुढे पाठवू नका म्हणावं."

परवा खांबेटे ते पुडकं मांडीवर घेऊन बसने गेले. प्रकाशकाच्या दुकानात गल्ल्यावर एक वयस्क गृहस्थ असतात, त्यांनी पुडकं ठेवून घेतलं आणि हळहळून म्हणाले, "ताई थांबल्या म्हणजे आमचं कठीणच. वयाने अधू होतातच हो डोळे."

"वयाने नाही. माझ्यामुळे," खांबेटे म्हणाले.

त्या गृहस्थांना ते बायकोबद्दलचं सौजन्य वाटलं. त्यांनी हसून चहा मागवला. मग खांबेट्यांनी उभ्या उभ्या, पुस्तकं घ्यायला आलेल्या लोकांच्या देखत, जिलबीपासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. हे सगळं त्यांनीच मला नंतर जिन्यात सांगितलं, आवाज न उतरवता, खालच्या बाई दारात उभ्या असताना.

ते घरी शिरले तेव्हा दीड वाजून गेला होता. शीलाताई न जेवता थांबल्या होत्या.

"इतका उशीर?"

"बोलत बसलो."

"काय बोललात?"

"सगळं."

"गल्ल्यावर? लोकांसमोर?"

"हो."

 "त्या भाषणासारखं चाळीस मिनिटांत आटपलं नसणार मग," शीलाताई म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत लावत जेवणाची पानं घ्यायला आत गेल्या.