मुलीनं आधी मॅडमना विचारलं

कळंबजवळच्या तलावावर रविवारी सकाळी लोकांना पक्षी दाखवायला न्यायचं मीच सुरू केलं. पुढं बँकेत बदलून आलेल्या एक मॅडम येऊ लागल्या. त्यांची दुर्बीण भारी, बोलणंही गोड. हळूहळू सगळे त्यांच्याभोवती जमू लागले, माझी मुलगीसुद्धा. मी मागं एकटाच चालायचो आणि आतून जळायचो.

एकदा तलावामागच्या माळावर मला मातीच्या रंगाचा धाविक पक्षी पळताना दिसला. मी हळूच म्हणालो, "तो बघा, धाविक."

मुलीनं मॅडमना विचारलं, "व्हय का, मॅडम?"

"सर म्हणतात तर असणारच. मला अजून दिसलासुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

मग सगळे माझ्याकडं वळले. मुलगीही मला खेटून उभी राहिली. पण तिनं आधी त्यांना विचारलं, हे अजून सलतं.