कारंज्याला खेटून

वडील आयसीयूत होते, तेव्हा ती मला रोज दिसायची. सोलापुरातल्या त्या दवाखान्याच्या चौकात स्टीलच्या वाकड्यातिकड्या पात्यांचं नव्या धाटणीचं कारंजं आहे. कशाचं शिल्प आहे देव जाणे, पण आवाज दांडगा. वरून बोलावणं आलं तर ऐकू यावं म्हणून आम्ही सगळे नातेवाईक चौकातल्या स्पीकरखाली बसायचो. ही करमाळ्याकडची बाई मात्र कारंज्याला खेटून. शिंतोड्यांनी पदर भिजायचा, तरी हलायची नाही.

एका दुपारी न राहवून मी जवळ गेलो. "मावशी, इथं बसून बोलावलेलं ऐकू येणार नाही."

"म्हून तर बसलीया की." तिनं ओला पदर पिळला. "थोरल्या लेकाच्या टायमाला असंच बोलावलं, अन् वर जाऊन बघते तर तो गेलता. आता धाकटा हाय आत."

तेवढ्यात पाणी वाचवायला वॉचमननं कारंजं बंद केलं. चौक एकदम गप्प झाला. स्पीकर खरखरला. तिनं माझं मनगट गच्च धरलं.

"बोला की दादा, कायबी बोला, पर मोठ्यानं!"

मी बोलत सुटलो. ऊन, पाणी, तोंडाला येईल ते. स्पीकरवरून कुणाच्या तरी नातेवाइकांना वर बोलावलं. कुणाच्या, ते मलाही ऐकू आलं नाही.